दोन हातांचा किल्लेकोट

सेवाग्रामजवळच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या तीन नंबरच्या खिडकीवर वर्षाली उमाटे बसते. त्या खिडकीशी कोणी हुज्जत घालत नाही. रांगेत मधेच घुसलेल्या माणसाकडे न बघताच ती म्हणते, "मांगं जा, भाऊ," आणि माणूस मागे जातो. शेजारच्या खिडकीवरची काजल म्हणते, की ताईचा आवाज कधी चढत नाही, ऐकणाऱ्याचाच उतरतो.

वर्षाली छत्तीस वर्षांची आहे. नवरा धर्मेंद्र नालवाडीत विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. जेवणाच्या सुट्टीत ती डबा डाव्या हाताला ठेवून उजव्या हातानं मोबाइलवर बुद्धिबळ खेळते. तीन मिनिटांचे डाव. समोर कुठला तरी अर्जेंटिनाचा, कुठला तरी पोलंडचा माणूस. दुसऱ्या चालीला ती त्याला एक प्यादं फुकट देते आणि पाचव्या चालीला अख्खा घोडा. हे ती कुठून शिकली, असं काजलनं एकदा विचारलं होतं. वर्षालीनं डब्याचं झाकण लावलं आणि विषय तिथंच संपला.

शिकवलं होतं किसनरावांनी. ते हिंगणघाटच्या कापड गिरणीत टाइमकीपर होते. गिरणीची पाळी सुटली की घराच्या ओसरीत चार पट मांडत आणि मोहल्ल्यातल्या पोरांना खेळायला बसवत. फी नव्हती, पण हात धुतल्याशिवाय मोहऱ्यांना शिवायची मनाई होती. वर्षालीचे वडील अण्णाजी त्याच गल्लीत राहायचे. गावाकडची चार एकर भाऊ बघायचा आणि हे जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. पोरगी नऊ वर्षांची असताना किसनरावांच्या ओसरीत गेली ती रोज जायला लागली.

किसनरावांना ओपनिंग एकच येत होती. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे घ्यायचं, लगेच शेजारचं प्यादं मारायला द्यायचं. मग घोडा बाहेर, उंट बाहेर. काळ्यानं घोड्यावर प्यादं चालवलं, की घोडा हलवायचाच नाही. त्याला तिथंच सोडून सरळ किल्लेकोट करायचा. पुस्तकात या प्रकाराला इटालियन माणसाचं नाव आहे हे किसनरावांना ठाऊक नव्हतं. ते त्याला 'घोडासोड' म्हणत.

"घोडा मरते तं मरू दे," ते म्हणायचे. "तो घोडा मारण्यात गुंतला का त्याचा राजा उघडा पडते. तू तिकडं पाह्य."

किल्लेकोट ही पटावरची एकच चाल अशी, की तिच्यात दोन मोहरे हलतात. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. किसनराव राजा एका हातानं आणि हत्ती दुसऱ्या हातानं उचलत आणि दोन्ही एकदमच ठेवत, टक्‌ असा एकच आवाज येई. वर्षालीही तसंच करायला शिकली. खरं तर चाल एकाच हातानं करायची असते, पण त्या काळी दोन हात लावले म्हणून कोणी शिक्षा देत नसे.

त्याच ओसरीत रोशनी पत्तीवारही यायची. तिच्या वडिलांचं धान्याचं आणि सरकीचं मोठं दुकान होतं. दुकानातला माणूस तिला स्कूटरवर सोडून जायचा आणि दीड तासानं न्यायला यायचा. ती वर्षालीपेक्षा एका वर्षानं लहान होती. दोन वर्षं दोघी समोरासमोर बसल्या. मग रोशनीच्या वडिलांनी नागपूरहून कोच लावला आणि तिचं येणं थांबलं.

दोन हजार तीन साली अकोल्याच्या एका मुलींच्या स्पर्धेत दोघींची गाठ पडली. वर्षालीनं घोडासोड लावली आणि एकोणिसाव्या चालीला मात केली. संध्याकाळी रोशनीच्या वडिलांनी आयोजकांकडे तक्रार दिली. सोबत रोशनीच्या अक्षरातला एक कागद होता. किसनराव प्रेक्षकांत बसून खुणा करत होते, असं त्यात लिहिलं होतं. चष्मा पुसला की घोडा, कान खाजवला की उंट.

किसनराव दिवसातून शंभर वेळा चष्मा पुसत. गिरणीतल्या कापसाच्या तुसानं डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. आत जाण्याआधी अण्णाजींनी वर्षालीला बाजूला घेतलं. "तू काई बोलू नको," ते म्हणाले. "मास्तरले बोलू दे. तू लेकरू हायेस, तुले सोडून देतीन."

टेबलामागे बुद्धिबळ संघटनेची तीन माणसं होती. एकानं विचारलं, "सर तुला खुणा करत होते का?" वर्षाली पंधरा वर्षांची होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि काहीच बोलली नाही. किसनराव दोन पावलांवर उभे होते. ते म्हणाले, "पोरी, सांग ना त्यायले." तरी ती बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला. तिचे गुण कापले. किसनरावांना कुठल्याही स्पर्धेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला कायमची बंदी झाली. परतीच्या बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले होते, अण्णाजी आणि वर्षाली मागच्या.  त्यानंतर ओसरीत पट मांडले गेले नाहीत. वर्षालीचंही बुद्धिबळ अण्णाजींनी बंद केलं. एकविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं.

लग्नानंतर दहा वर्षं तिनं पटाला हात लावला नाही. मग मोबाइल आला आणि त्यात बुद्धिबळ आलं. पहिल्याच डावात बोटं आपोआप घोडासोडकडे गेली. मोबाइलवर किल्लेकोट करायला एक बोट पुरतं. राजाला ओढलं की हत्ती आपला आपण येतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काजलनं तिला एक जाहिरात दाखवली. नालवाडीतल्या एका मंगल कार्यालयात महिलांची ब्लिट्झ स्पर्धा होती. प्रत्येकीला तीन मिनिटं, आणि दर चालीला दोन सेकंद जास्तीचे. खाली फोटो होता. प्रमुख आकर्षण, रोशनी पत्तीवार, संचालिका, अमुक अमुक चेस अकॅडमी, वर्धा.

"ताई, तुमच्या घराजवळच हाय," काजल म्हणाली. "जाऊन तं पाहा."

वर्षालीनं फोटोकडे बराच वेळ पाहिलं. "नाव कुठं द्याचं असते?" तिनं विचारलं.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी एक्केचाळीस जणी होत्या. त्यातल्या अर्ध्याअधिक रोशनीच्या अकॅडमीतल्या मुली, निळे टी-शर्ट घातलेल्या. वर्षाली साडीवर कामाचं ओळखपत्र तसंच अडकवून आली होती. नाव पुकारलं तसं रोशनीनं मान वळवून पाहिलं. ओळखलं. जवळ येऊन ती म्हणाली, "खेळतेस अजून? मला वाटलं सोडलं तू."

"सोडलं नवतं. सोडवलं होतं," वर्षाली म्हणाली.

रोशनी हसली नाही, चिडलीही नाही. आपल्या मुलींकडे परत गेली. थोड्या वेळानं त्या मुली वर्षालीकडे बघून काहीतरी बोलू लागल्या. पहिल्या फेरीत तिच्यासमोर बसलेल्या निळ्या टी-शर्टवालीनं हात पुढे केला नाही. वर्षालीनं तिला दोन मिनिटांत हरवलं. दुसरीनं हरल्यावर मोहरे आडवे पाडले. तिसऱ्या फेरीत पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "हीच ती, खुणांवाली." वर्षाली मागे वळली नाही. तो डावही तिनं जिंकला. काळे मोहरे आले तरी आणि पांढरे आले तरी ती त्याच घाईनं, त्याच रागानं खेळत राहिली. आठ फेऱ्यांत ती एकदाच हरली. सात गुण. रोशनीचे साडेसात. नवव्या, शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर दोघी समोरासमोर आल्या. पांढरे मोहरे वर्षालीकडे होते.

पंच होते प्रभाकरराव. हायस्कूलातून निवृत्त झालेले, वहीत प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणारे. त्यांनी दोघींना हात मिळवायला सांगितलं. बोटांची टोकं लागली न लागली इतपत ते झालं.

वर्षालीनं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं. रोशनीनंही घेतलं. वर्षालीनं शेजारचं प्यादं पुढे करून दिलं. रोशनीनं ते लगेच मारलं. घोडा बाहेर आला. रोशनीनं प्यादं पुढे घेतलं. उंट बाहेर आला. रोशनीनं तेच प्यादं घोड्यावर चालवलं आणि घड्याळ दाबलं. दहा सेकंदही गेले नव्हते. रोशनीला दुसरं काही खेळता आलं असतं. आपल्या मुलींना ती हा सापळा टाळायलाच शिकवत असे. तरी ती स्वतःहून घोडासोडमध्ये शिरली होती, आणि तिची नजर पटावर नव्हती. वर्षालीच्या हातांवर होती.

वर्षालीनं राजा उजव्या हातानं आणि हत्ती डाव्या हातानं उचलला आणि दोन्ही एकदम ठेवले. टक्‌. घड्याळ दाबलं.

रोशनीनं घड्याळ थांबवून हात वर केला. "सर. टू हँड्स."

प्रभाकरराव आले. "काय झालं?"

"किल्लेकोट दोन हातांनी केला. पेनल्टी द्या."

प्रभाकररावांनी वर्षालीकडे पाहिलं. "मॅडम, दोन हात लावले?"

"लावले."

"एका हातानं करायचा असतो. नियम आहे. दोन हात म्हणजे चुकीची चाल धरली जाते." त्यांनी घड्याळात रोशनीला एक मिनिट वाढवून दिलं. "चाल राहील. पण परत एकदा असं झालं तर डाव जाईल तुमचा. समजलं?"

"समजलं," वर्षाली म्हणाली. मागे निळ्या टी-शर्टांमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. प्रभाकररावांनी त्या बाजूला बोट दाखवलं तेव्हा टाळी थांबली.

वर्षालीला तेव्हा कळलं, की रोशनीला ओसरीतले ते दोन हात एकवीस वर्षांनंतरही आठवत होते. मोबाइलनं जे झाकून ठेवलं होतं ते तिनं पहिल्या पाच चालींत उघडं पाडलं होतं.  वर्षालीनं डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर वजन टाकून बसली.

"चालव," ती रोशनीला म्हणाली.

रोशनीनं घोडा मारला. वर्षालीच्या वजिरानं ते मारणारं प्यादं उचललं. रोशनीचा वजीर पुढे आला. वर्षालीनं आणखी एक प्यादं दिलं, आणि ते गेल्यावर उंटही काळ्या राजाशेजारी नेऊन मारायला लावला. आता तिच्याकडे दोन मोठे मोहरे कमी होते, आणि रोशनीचा राजा घर सोडून रस्त्यावर आला होता. हे किसनरावांच्या ओसरीतलं नव्हतं. हे तिनं दहा हजार डाव खेळून स्वतः शोधलं होतं. रोशनीचा हात पहिल्यांदा पटावर अडखळला. वाढवून मिळालेलं मिनिट तिथंच खर्ची पडायला लागलं.

"ड्रॉ?" रोशनी म्हणाली.

वर्षालीनं हत्ती चालवून शह दिला.

चार चालींनंतर रोशनी पुन्हा म्हणाली, "ड्रॉ घे. हातात काही नाहीये तुझ्या."

"तोंड बंद ठेव अन् खेळ," वर्षाली म्हणाली. प्रभाकररावांनी दोघींकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

दिलेले मोहरे एकेक करून परत आले. वजिरांची मारामारी झाली, हत्तीही गेले. शेवटी वर्षालीकडे राजा आणि कडेचं एक प्यादं उरलं, रोशनीकडे राजा आणि पलीकडच्या कडेला दोन प्यादी. वर्षालीचं प्यादं आधी पोचणार होतं. तिच्या घड्याळात नऊ सेकंद होते, रोशनीच्या बत्तीस.

प्यादं शेवटच्या घराच्या अलीकडे येऊन थांबलं. पुढच्या चालीला त्याचा वजीर व्हायचा होता. वर्षालीनं आपले मेलेले मोहरे रोशनीच्या बाजूला जिथं पडले होते, तिकडे नजर टाकली. घोडा होता, उंट होते, हत्ती होते. पांढरा वजीर नव्हता. रोशनीची डावी मूठ टेबलाच्या कडेला मिटलेली होती.

घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो. वर्षालीला ते पक्कं ठाऊक नव्हतं, आणि दुसरी चूक म्हणजे डाव जाणार होता. तिनं प्यादं शेवटच्या घरात नेलं, त्याच हातानं ते उचलून बाजूला ठेवलं, त्याच हातानं पटापलीकडून आपला मेलेला हत्ती ओढून त्या घरात उभा केला, आणि त्याच हातानं घड्याळ दाबलं. दोन सेकंद उरले होते. चालीमागे दोन जास्तीचे मिळाले.

एकट्या राजाला मारायला हत्ती पुरतो. रोशनीनं ते ओळखलं, तरी डाव सोडला नाही. दोन्ही प्यादी गेली तरी ती राजा एका घरातून दुसऱ्या घरात फिरवत राहिली, वर्षालीचं घड्याळ पडायची वाट बघत. प्रत्येक चालीला तीन सेकंद, दोन सेकंद, चार सेकंद. शेवटी काळा राजा कडेला लागला आणि हत्तीनं मात केली.

रोशनीनं हात पुढे केला नाही. वर्षालीनंही नाही.

प्रभाकरराव मोहरे डब्यात भरू लागले. भरून झाल्यावर त्यांनी एकदा मोजले, परत मोजले. "एकतीस," ते म्हणाले. मग रोशनीकडे वळले. "मूठ उघडा, मॅडम."

"सवय आहे सर मला, हातात काहीतरी धरायची."

"उघडा."

तिनं मूठ उघडली. पांढऱ्या वजिराचे काटे तळव्यावर उमटले होते. प्रभाकररावांनी वजीर डब्यात टाकला, वही काढली आणि उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं. 

बक्षीस घेऊन वर्षाली बाहेर आली तेव्हा रोशनी गाडीची किल्ली हातात घेऊन पायऱ्यांशी उभी होती. वर्षाली तिच्यासमोर जाऊन थांबली.

"अकोल्याचं खोटं होतं असं लिहून दे," ती म्हणाली. "मले नको. किसनरावांसाठी दे."

"मी चौदा वर्षाची होती," रोशनी म्हणाली. "बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. मला काय कळत होतं?"

"आता पस्तीसची हायेस. आता कळते ना?"

"आता लिहून दिलं तर अकॅडमीत कोण पाठवेल मुली? तुझं बरं आहे, तुला काय गमवायचंय." रोशनी पायरी उतरली, मग थांबून म्हणाली, "आणि तेव्हा तूही तर तिथंच होतीस."

गाडी निघून गेली. वर्षाली चषक काखेत धरून घरी आली. धर्मेंद्रनं विचारलं, जिंकली का. ती हो म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

आठ दिवसांनी ती हिंगणघाटला गेली. एकवीस वर्षांत ती त्या ओसरीत गेली नव्हती. माहेरी आली तरी दुसऱ्या बाजूनं जायची. किसनरावांच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, दार उघडलं. किसनराव खाटेवर टेकून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं डावाचं सगळं सांगितलं.  मग तिनं पिशवीतून अर्ज काढला.

"संघटनेले द्याचा हाय, सर. बंदी उठवा म्हून. तुमची सही पायजे."

"मले नको कागद," किसनराव म्हणाले.

"रोशनीनं खोटं लिहिलं होतं हे सगळ्यायले कळलं पायजे."

"तिनं खोटं लिहिलं. तिच्या बापानं लिहवलं. तिचं मले वाईट वाटलं नाई, ती परकी होती." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "मी तुले म्हटलं, पोरी, सांग. तुले खरं माहीत होतं. काऊन नाई बोलली?"

"मी पंधरा वर्षाची होती," वर्षाली म्हणाली. हेच उत्तर तिनं मागच्या रविवारी पायऱ्यांवर ऐकलं होतं.

"जा आता," किसनराव म्हणाले. "परत येऊ नको."

सुमित्राबाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. तिच्यापुढे ठेवलेला पाण्याचा पेला भरलेला तसाच राहिला.

बसमध्ये तिनं अर्ज फाडला. त्या आठवड्यात रोज सुट्टीत मोबाइल न काढता ती लिहीत बसली. काजलनं एकदा डोकावून पाहिलं तर ताईनं कागदावर हात ठेवला. शेवटी दीड पान झालं. त्यात रोशनीचं नाव एकदाच होतं. बाकी सगळं वर्षालीनं स्वतःबद्दल लिहिलं होतं: मी वर्षाली उमाटे, अण्णाजींची मुलगी, मला कोणीही खुणा केल्या नव्हत्या, मला तसं विचारलं तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून मी खरं सांगितलं नाही, माझ्या गप्प बसण्यामुळे एका निर्दोष माणसावर बंदी आली.

अण्णाजींना तिनं फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माह्यं नाव काऊन टाकलं त्यात? मी तुह्यासाठीच केलतं ना." ती म्हणाली, "म्हूनच टाकलं." त्यांनी फोन ठेवला आणि पुढं दोन महिने बोलले नाहीत.

संघटनेच्या कार्यालयातला माणूस म्हणाला, इतकी जुनी फाइल सापडणार नाही. वर्षालीनं सांगितलं, फाइल राहू द्या, यावर आवकचा शिक्का मारा. त्यानं मारला. एक प्रत तिनं रोशनीच्या अकॅडमीत पाठवली, एक रजिस्टरनं किसनरावांना. रोशनीकडून मोबाइलवर एक ओळ आली: "मला यात ओढू नकोस." किसनरावांकडून पोचपावती आली, सही सुमित्राबाईंची.

फेब्रुवारीत संघटनेनं बंदी उठवली. पत्रात दोन ओळी होत्या, माफी नव्हती. त्याच आठवड्यात सुमित्राबाईंचा फोन आला.

"वाचलं त्यायनं तुह्यं ते," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचलं. संघटनेचं पत्र वाचलंच नाई."

"काई म्हनले काय?"

"नाई. तू येऊ नको, हे कायमच हाय."

"नाई येत," वर्षाली म्हणाली.

मार्चमध्ये आर्वीच्या स्पर्धेत तिची आणि रोशनीची परत गाठ पडली. या वेळी रोशनीनं दिलेलं प्यादं मारलं नाही, मधलं प्यादं पुढे करून डाव दुसऱ्याच वाटेनं नेला आणि जिंकली. वर्षालीनं किल्लेकोट उजव्या हातानं केला, आधी राजा, मग हत्ती. हरल्यावर तिनं घड्याळ थांबवलं, मोहरे जागेवर मांडले, आणि पुढच्या फेरीचा पट कुठला ते बघायला फळ्याकडे गेली.